कोकिळेचा कसूर काय?

फजरच्या अजानला अजून वेळ असतो. पंख्याची घरघर सोडली तर सगळी इमारत झोपलेली असते, आणि मागच्या फणसावरून पहिली हाक येते. कुऊ... मग दुसरी, थोडी वरच्या सुरात. तिसरी आणखी वर. सातव्या-आठव्या हाकेला आवाज इतका चढतो की आता घसा फाटेल असे वाटते, आणि तो एकदम थांबतो. घटकाभराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मार्च ते जुलै या दिवसांत नालासोपाऱ्याच्या आमच्या घरात गजर लावावा लागत नाही. अलीकडे काही वर्षे रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला, तेव्हा दादी म्हणायच्या, "सेहरीला उठवणारा आपला माणूस आला."

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मात्र हा आवाज सहन होत नाही. आणि ज्यांना आवाज आवडतो, त्यांनाही या पक्ष्याबद्दल फारसा आदर नसतो. "आवाज गोड, पण जात आळशी. स्वतः घर बांधायचे नाही, अंडी कावळ्याच्या घरात टाकायची आणि झाडावर बसून गाणी म्हणायची." हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि खरे सांगायचे तर म्हणतही आलो.

मग एका संध्याकाळी हे वाक्य आमच्याच घराच्या वाट्याला आले. आमच्या भाभी पहाटेची चर्चगेट लोकल पकडून अंधेरीला कामाला जातात. दोन वर्षांच्या मुलीला दिवसभर तळमजल्यावरच्या खाला सांभाळतात. जिन्यात भेटलेल्या एका शेजारणीने हसत हसत म्हटले, "तुमचं बरंय हो, कोकिळेसारखं. अंडं कावळ्याच्या घरात, आपण मोकळे!" भाभीही हसल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी ताट पुढे सरकवून दिले आणि मुलीला कुशीत घेऊन लवकर झोपून गेल्या. वसई-विरारमधल्या किती घरांत रोज पहाटे हेच घडते! आई लोकलच्या गर्दीत, मूल दादीकडे, नानीकडे नाहीतर शेजारच्या खालाकडे. त्या सगळ्या आयांना मारायला आपण एका पक्ष्याचा दगड करून ठेवला आहे. म्हणून ठरवले, एकदा नीट पाहू तरी की या पक्ष्याचा कसूर आहे काय.

गेल्या वर्षीची चूक

पाहण्याची सुरुवात आमच्या चुकीपासून करायला हवी. गेल्या वर्षी मे महिन्यात आवारातल्या आंब्याची पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली. फांदीबरोबर कावळ्याचे घरटे खाली आले. काटक्या, नारळाच्या शेंड्या आणि केबलच्या तारांचे तुकडे यांच्या त्या ढिगात तीन पिल्ले होती. दोन राखाडी-काळी, आणि एक तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेले. मुले म्हणाली, "हे कुठलं?" आम्हाला सांगता आले नाही.

चपलांच्या खोक्यात कापूस घालून आम्ही तिघांना घरात आणले. दुधात भिजवलेला पाव चमच्याने भरवला. बाहेर खिडकीवर कावळे आकांत करत होते, आम्ही खिडकी लावून घेतली. मगरिबपर्यंत तिन्ही पिल्ले गेली. पुढे कळले की दूध-पाव हे पक्ष्याच्या पिल्लाचे अन्नच नव्हे, आणि ज्यांना आम्ही हाकलत होतो ते कावळेच त्यांना वाचवू शकले असते. खोके त्याच झाडावर बांधून ठेवले असते तर काम झाले असते. ठिपक्यांचे पिल्लू कोकिळेचे होते, हेही नंतरच समजले.

गाणारा कोण?

पहिला गैरसमज इथेच दूर करू. आपण म्हणतो "कोकिळा गाते". पहाटे गळा ताणून ओरडतो तो नर, म्हणजे कोकीळ. अंग चकचकीत काळे, डोळे लालभडक, चोच फिकट हिरवट. लांबून कावळाच वाटावा असा, पण अंगाने सडपातळ आणि शेपटीने लांब. मादीचा, म्हणजे कोकिळेचा रंग तपकिरी आणि अंगावर पांढरे ठिपके व पट्टे. ती 'कुऊ' करीत नाही. तिचा आवाज 'किक-किक-किक' असा तुटक. ती पानांत अशी मिसळून बसते की वर्षानुवर्षे अंगणात राहूनही आपल्या नजरेला पडत नाही. म्हणजे गाण्याचे कौतुक नराच्या वाट्याचे आपण मादीला दिले, आणि अंड्यांचा सगळा ठपकाही एकट्या मादीवर ठेवला.

दुसरा गैरसमज, की कोकीळ उन्हाळ्यात 'येतो' आणि पावसाळा संपला की 'जातो'. आपल्या भागात तो बहुधा वर्षभर असतो, फक्त हिवाळ्यात गप्प असतो. वसईच्या वाड्यांत त्याला खायला भरपूर मिळते. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, पपई हे तर त्याचे अन्नच. इमारतींच्या कुंपणाला ओळीने लावलेल्या आसुपालवाची फळेही तो आवडीने खातो. पिवळ्या कण्हेरीचे फळ माणसाला विषारी, पण कोकीळ ते खुशाल पचवतो. फळ खाऊन तो लांब उडतो आणि बी दुसरीकडे टाकतो. चंदनाच्या बिया पसरवणाऱ्या पक्ष्यांत त्याचे नाव घेतले जाते. भिंतीच्या फटीत न लावता उगवलेले उंबर दिसले, तर लावणारा कोण याचा अंदाज आता आम्ही करू लागलो आहोत.

प्रश्न विचारणारा मुलगा

पक्षी पाहण्याच्या बाबतीत आपल्या समाजाला परके वाटण्याचे काही कारण नाही. या देशात पक्षीशास्त्र घराघरांत नेणारे डॉ. सालिम अली हे मुंबईच्या मुस्लिम घरात १८९६ साली जन्मले. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. लहान असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी नाही, मग ही मुसलमानाने खावी की नाही, असा प्रश्न त्या मुलाला पडला. तो मामांकडे गेला, आणि मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्ड यांनी पक्षी तर ओळखून दिलाच, शिवाय संग्रहातले पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. ताटावरच्या एका प्रश्नातून एक आयुष्य घडले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. १९८७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या नावाला पद्मविभूषण होते.

परक्या घरात वाढलेला हा मुलगा! त्याने पक्षी आधी पाहिला, मग विचारले, आणि मत शेवटी बनवले. आपण कोकिळेच्या बाबतीत उलट केले, मत आधी बनवले.

घरटे न बांधण्याची किंमत

जगात पक्ष्यांच्या सुमारे दहा हजार जाती आहेत. त्यांपैकी शंभरेक जाती स्वतः कधीच घरटे बांधत नाहीत, दुसऱ्याच्याच घरट्यात अंडी घालतात. कोकिळेच्या कुळातल्या दीडशेच्या आसपास जातींपैकी साठेकांची ही रीत. वसईच्या कुंपणांत घुमणारा भारद्वाज त्याच कुळातला, पण तो स्वतःचे घरटे बांधतो आणि पिल्ले स्वतः वाढवतो. म्हणजे ही कुळाची खोड नाही, काही जातींना मिळालेली जगण्याची रीत आहे. सुगरण विणते, सुतार कोरतो, घार जुन्या झाडाच्या शेंड्यावर काटक्या रचते, तशी ही एक.

जुन्या लोकांना ही रीत माहीत होती. संस्कृतात कोकिळेला 'परभृत' म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, आणि कावळ्याला 'परभृत्' म्हणजे दुसऱ्याला पोसणारा म्हटले आहे. युरोपातल्या कोकिळेचे नवजात पिल्लू घरट्यातली बाकीची अंडी-पिल्ले पाठीवर घेऊन बाहेर ढकलते, हे १७८८ साली एडवर्ड जेन्नर यांनी लिहिले. हेच जेन्नर पुढे देवीच्या लसीमुळे जगाला माहीत झाले. आपल्याकडच्या कोकिळेवर हाच आरोप सर्रास केला जातो, पण तिचे पिल्लू नेहमी असे करीत नाही. बरेचदा ते कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. एक कारण असे सांगतात की कावळ्याचे घरटे खोल, त्याची अंडी-पिल्ले मोठी. त्यांना ढकलायला जावे तर स्वतःच खाली पडायची किंवा ताकद संपून मरायची भीती.

आता 'आळशी' या शब्दाकडे येऊ. कोकिळेला कावळ्याच्या घरट्यावर पाळत ठेवावी लागते. रिकाम्या घरट्यात ती अंडे घालत नाही. पाकिस्तानात झालेल्या एका अभ्यासात दिसले की कावळ्याचे पहिले अंडे पडल्यावर सरासरी दीड दिवसात तिचे पहिले अंडे पडते. उशीर झाला तर तिचे पिल्लू मागे राहून उपाशी मरणार. वेळ साधली तर ते कावळ्याच्या पिल्लांच्या साधारण तीन दिवस आधी बाहेर येते आणि पहिला घास त्याला मिळतो. अंडे कावळ्याच्या अंड्यासारखेच हिरवट आणि तपकिरी ठिपक्यांचे, फक्त थोडे लहान. नर ओरडून कावळ्यांना आपल्या मागे पळवतो आणि मादी तेवढ्यात शिरते, असेही कधी कधी होते. पण जास्त वेळा मादी एकटीच जाते. तावडीत सापडली तर कावळे तिला सोडत नाहीत.

आणि ती पिल्लाला 'विसरते' असेही दरवेळी नाही. कावळ्याच्या घरट्यातल्या आपल्या पिल्लाला कोकिळेने घास भरवल्याच्या नोंदी पक्षीनिरीक्षकांनी केल्या आहेत.

आणि कावळा?

या गोष्टीत कावळ्याचे नुकसान होतेच, ते लपवायला नको. अंडे घालताना कोकिळा कधी कधी त्याचे एक अंडे काढून टाकते. तिचे पिल्लू त्याच्या पिल्लांच्या वाट्याचे खाते. स्पेनमध्ये दुसऱ्या जातीच्या कोकिळा आणि कावळे यांच्यावर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की कोकिळेच्या पिल्लाने सोडलेल्या दुर्गंधी स्रावामुळे शिकारी प्राणी दूर राहतात आणि काही वर्षी कावळ्याच्या पिल्लांचाही त्यात फायदा होतो. इतर संशोधकांनी पुढे त्यावर शंका घेतल्या. आपल्या कोकिळेला तो हिशेब लावता येणार नाही. पण गावकावळा आजही आपल्या प्रत्येक गल्लीत आहे, एवढे आपण डोळ्यांनी पाहतो.

कावळ्यालाही आपण कुठे मान देतो? काळा, चोर, अपशकुनी! पण कुरआनात, सूरह अल-माइदामध्ये, हाबील-काबीलच्या प्रसंगात हाच कावळा येतो. भावाला मारून बसलेल्या माणसाला मृतदेहाचे काय करावे हे कळेना, तेव्हा अल्लाहने जमीन उकरणारा कावळा पाठवला. मातीआड करण्याची रीत माणूस त्याच्याकडून शिकला, आणि आपण कावळ्याइतकेही नाही याची त्याला लाज वाटली. दादींनी हा किस्सा आम्हाला कितीदा सांगितला असेल. पण खिडकीवरचा कावळा आणि किश्शातला कावळा यांची सांगड आम्ही कधी घातली नव्हती.

तीन आठवड्यांची मुदत

यंदा आंब्यावर पुन्हा घरटे झाले, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. एप्रिलच्या अखेरीस आसुपालवात एक ठिपक्यांची मादी दिसू लागली. तासन् तास गप्प बसून असे. एका दुपारी कावळी घरट्यावरून उठली, आणि ही झपकन् आत गेली. अम्मींच्या हातातली पोळी तव्यावर टाकून होईपर्यंत ती बाहेर पडली होती. मागून दोन कावळ्यांनी तिला पार रस्त्यापलीकडे पिटाळले.

पिल्ले निघाली आणि कावळ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालायला सुरुवात केली. दूधवाला घाबरला, एका मुलाला ओरखडा आला. सोसायटीच्या बैठकीत ठरले, बांबूने घरटे पाडायचे. गेल्या वर्षी आम्ही गप्प राहिलो होतो. यंदा अब्बा उभे राहिले. म्हणाले, "तीन आठवडे द्या. पिल्लं उडाली की हा त्रास आपोआप थांबतो. तोवर जिन्याजवळ एक छत्री अडकवतो, ज्याला जायचं असेल त्याने घेऊन जावं." मग त्यांनी ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेली हकीकत सांगितली. प्रवासात काही साथीदारांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली. आई पंख फडफडवत वर घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) परतले तेव्हा त्यांनी विचारले की हिला पिल्लांवरून कोणी दुखावले, आणि पिल्ले परत करायला लावली. बैठकीत काही जण कुरकुरले. तरी मुदत मिळाली.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात कावळ्याचे एक पिल्लू खाली पडून मेले. एक कावळ्याचे आणि एक कोकिळेचे, अशी दोन उरली. काही दिवसांनी ठिपक्यांचे पिल्लू कुंपणाच्या भिंतीवर बसले आणि चोच वासून ओरडू लागले. कावळी आली, घास भरवून गेली. पुन्हा आली, पुन्हा भरवले.

भाभी त्या दिवशी सुट्टीवर होत्या. मुलीला कडेवर घेऊन खिडकीत उभ्या होत्या. खाली त्याच शेजारीण छत्री उघडून थांबल्या होत्या. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "बघा ना, किती मायेने भरवतेय. हिला कळत नसेल का, आपलं नाही म्हणून?"

भाभी म्हणाल्या, "आमच्या खालांना तर कळतं. तरी भरवतात."

शेजारीण काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात मात्र त्या रात्री दादींनी ह. हलीमा सादिया (रजि.) यांची आठवण काढली. प्रेषितांचे (स.) बालपण दूधआईच्या घरी गेले, आणि त्या घराची कदर त्यांनी जन्मभर ठेवली. दादी म्हणाल्या, "पाखराला पाखराचं माप. माणसाला माणसाचं. एकाची काठी दुसऱ्याला मारू नये."

आपल्या हातात काय आहे?

घरटे दिसले तर साधारण दीड महिना धीर धरावा. अंडे पडण्यापासून पिल्लू उडण्यापर्यंत इतकाच काळ लागतो. त्यातही डोक्यावर झडपा घालण्याचा त्रास शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचा. जाताना छत्री घ्यावी. कावळ्याकडे रोखून पाहू नये, दगड तर मारूच नये.

झाडाची छाटणी शक्यतो वीण सुरू होण्याआधी, म्हणजे मार्चपूर्वी करून घ्यावी. शहरी भागात झाडाला हात लावण्यापूर्वी १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मागतानाच फांद्यांवर घरटी आहेत का ते पाहून घ्यावे. वन्यजीव कायद्यात कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच कायद्यातून गेली.

पिसे न आलेले पिल्लू खाली पडले तर हळूच घरट्यात ठेवावे. ते शक्य नसेल तर छोटी टोपली त्याच झाडाला बांधून तिच्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लू टाकून देतात, ही समजूत चुकीची आहे. पिसे आलेले, उड्या मारणारे पिल्लू असेल तर ते उडायला शिकत असते. मांजर-कुत्रे दूर ठेवावे, एवढेच पुरे. दूध, पाव, भात भरवू नये आणि चोचीत पाणी ओतू नये. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

घरटे आता रिकामे आहे. छत्री अजून जिन्याजवळच लटकते आहे, पावसाळ्यामुळे ती काढायचे कोणाला सुचलेले नाही. मध्यंतरी एका सकाळी आसुपालवातून 'किक-किक-किक' असा आवाज आला. ठिपक्यांची मादी होती. तीच होती असे आम्ही म्हणणार नाही. भाभी नेहमीसारख्या घाईत होत्या. मुलीला खालांच्या हातात देऊन, मुका घेऊन, त्या स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. जाताना मात्र झाडाखाली क्षणभर थांबून त्यांनी वर पाहिले.